लँडस्टायनर आणि मूक प्राण्यांचे ऋण

रक्तगटांचे संशोधक म्हणून कार्ल लँडस्टायनर यांचे नाव सर्वपरिचित आहे. त्यांच्या दुसऱ्या, तितक्याच मोलाच्या कार्याचा मात्र क्वचितच उल्लेख होतो.

१८६८ साली व्हिएन्नाजवळ जन्मलेल्या लँडस्टायनर यांचे पितृछत्र बालपणीच हरपले. १८९१ मध्ये वैद्यकाची पदवी मिळवून त्यांनी रुग्णसेवेऐवजी प्रयोगशाळा जवळ केली. १९०८ साली ते व्हिएन्नातील एका रुग्णालयात शवचिकित्सक होते. पोलिओने दगावलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलाच्या मज्जारज्जूत त्यांना जिवाणू सापडेनात. तो अंश ससे, गिनिपिग व उंदीर यांना टोचूनही काही घडेना. अखेर एर्विन पॉपर यांच्या साहाय्याने त्यांनी तो दोन माकडांना टोचला. एक आठ दिवसांत मेले. दुसऱ्याचे पाय लुळे पडले. दोहोंच्या मज्जारज्जूत मुलासारखीच विकृती आढळली. पोलिओ हा संसर्गजन्य रोग आहे, हे प्रयोगाने सिद्ध झाले. परंतु माकडे महाग आणि दुर्मीळ. म्हणून पुढील काम त्यांना पॅरिसच्या पाश्चर संस्थेत करावे लागले.

पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रिया दारिद्र्यात बुडाला. लँडस्टायनर १९१९ मध्ये हेगला आणि तेथून न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत गेले. १९३० मध्ये रक्तगटांच्या शोधाबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९४० मध्ये अलेक्झांडर वीनर यांच्यासह त्यांनी रक्तातील ज्या घटकाचा शोध जाहीर केला, त्याला ऱ्हीसस हे नाव मिळाले ते उत्तर भारतातील लालतोंड्या माकडावरून. १९४३ साली प्रयोगशाळेतच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि दोन दिवसांनी त्यांचे निधन झाले.

त्यांनी दाखविलेली वाट मात्र सरळ नव्हती. ऱ्हीसस माकडाला तोंडावाटे पोलिओची लागण सहसा होत नाही. त्यामुळे विषाणू नाकावाटे शिरतो, हा चुकीचा समज संशोधकांत अनेक वर्षे टिकला. पुढे १९५५ मध्ये आलेली लस माकडांच्या मूत्रपिंडातील पेशींवर तयार होई. त्यासाठी भारतातून माकडांची प्रचंड निर्यात झाली. १९७८ मध्ये भारताने ती बंद केली.

२०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र मिळाले. त्या यशाच्या जमाखर्चात या मूक प्राण्यांचे ऋण खर्ची घातलेच पाहिजे. माकड माणसाच्या जवळचे आहे, म्हणूनच प्रयोगास उपयोगी पडते. आणि त्याच कारणाने त्याच्या वेदनेचाही विचार करावा लागतो. जेथे दुसरा मार्ग उपलब्ध आहे तेथे तो स्वीकारणे, हीच या ऋणाची खरी परतफेड होय.