विश्लेषण : जुईनगरच्या पायाखालचा खडक हिमालय कसा वाकवतो? भूवैज्ञानिक वाडिया यांनी काय शोधले?

जुईनगर स्थानकातून पूर्वेला पाहिले की पारसिकची डोंगररांग दिसते. तिचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचे थर. पण ही आपल्या भूखंडाची केवळ वरची साल. खरा पाया त्याखाली आहे. याच प्राचीन पायाच्या एका टोकाने हिमालयालाही वळण घ्यायला लावले, हे दाखवून दिले दाराशॉ नोशेरवान वाडिया यांनी.

वाडिया कोण होते?

जन्म २३ ऑक्टोबर १८८३, सुरत. वडील रेल्वेत स्टेशनमास्तर. बडोदा कॉलेजात शिकताना प्रा. अदरजी मसाणी यांच्यामुळे त्यांना निसर्गविज्ञानाची गोडी लागली. १९०७ मध्ये ते जम्मूच्या प्रिन्स ऑफ वेल्स कॉलेजात प्राध्यापक झाले. हिमालय दारातच होता. सुट्ट्यांमध्ये ते डोंगर पालथे घालत, खडक आणि जीवाश्म गोळा करत. भारतीय विद्यार्थ्यांच्या हाती आपल्या देशाच्या भूरचनेचे सोपे पुस्तक नव्हते, म्हणून १९१९ मध्ये त्यांनी ते स्वतःच लिहिले. पुढे कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. १९२१ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात दाखल झाले.

भूखंड तयार कसा होतो?

समुद्रतळाचा खडक प्रामुख्याने बेसाल्टचा. तो जड असल्याने कालांतराने पुन्हा पृथ्वीच्या पोटात जातो. खाली जाताना त्यातील पाणी बाहेर पडते, वरचा खडक वितळू लागतो आणि त्या रसातून पुढे ग्रॅनाइटसारखे हलके खडक बनतात. हलके असल्यामुळे ते सहजी बुडत नाहीत. म्हणूनच समुद्रतळ बहुतांशी २० कोटी वर्षांहून तरुण, तर भूखंडांचे गाभे अब्जावधी वर्षांचे. भूखंडाचे कवच सरासरी ३५ ते ४० किलोमीटर जाड असते. दोन भूखंड धडकले की त्याला घड्या पडतात. हिमालयाखाली ते ७० किलोमीटरच्या आसपास आहे.

हिमालयाचे कोडे काय होते?

वायव्येकडे जाणारी हिमालयाची रांग नंगा पर्वताजवळ अचानक दक्षिणेकडे वळते. इथे दोन वेगळ्या पर्वतरांगा भेटतात, असा समज होता. वाडियांनी वर्षानुवर्षे पायी फिरून दोन्ही बाजूंचे थर ताडून पाहिले. थर तेच होते! १९३१ मध्ये त्यांनी मांडले, की पर्वत एकच आहे. द्वीपकल्पाच्या प्राचीन खडकाचे जिभेसारखे टोक उत्तरेला घुसले आहे आणि घड्या त्याच्याभोवती वळल्या आहेत. तेव्हा भूपट्ट सिद्धांत जन्मलाही नव्हता.

पुढे काय झाले?

१९३८ पासून सहा वर्षे त्यांनी श्रीलंकेत सरकारी खनिजतज्ज्ञ म्हणून काम केले. स्वतंत्र भारतात १९४९ पासून अणुखनिजांचा शोध त्यांच्याकडे आला. १९५७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय भूवैज्ञानिक. १९५८ मध्ये पद्मभूषण मिळाले. १५ जून १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. डेहराडूनची हिमालय भूविज्ञान संस्था आज त्यांच्या नावाने ओळखली जाते.

महाराष्ट्राने हे का लक्षात ठेवावे?

कोयना परिसरात केलेल्या खोल छिद्रात सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट संपल्यावर ग्रॅनाइटचा प्राचीन पाया लागला. किल्लारीत तो साडेतीनशे मीटरच्या आतच सापडला. हा पाया कठीण आहे, पण स्वस्थ नाही. भारतीय भूपट्ट आजही वर्षाला चार-पाच सेंटीमीटर उत्तरेकडे सरकतो आणि हिमालयाला दिलेल्या धक्क्याचा ताण पाठीमागच्या खडकातही साठतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीने त्याची किंमत हजारो जिवांनी मोजली. दख्खन भूकंपापासून सुरक्षित आहे, हा समज चुकीचा आहे. घर बांधताना, घेताना भूकंपरोधक रचनेची चौकशी करणे जुईनगरकरांनाही तितकेच लागू आहे.