विंट्रोब यांची नळी आणि थंडीत साकळणारी प्रथिने

रक्ततपासणीचा अहवाल हातात पडला की आपण आधी हिमोग्लोबिन पाहतो. त्याच्या खाली पीसीव्ही, एमसीव्ही, एमसीएच असे आकडे असतात. रोज लाखो अहवालांवर छापले जाणारे हे आकडे डॉ. मॅक्सवेल विंट्रोब यांची देणगी आहेत.

विंट्रोब यांचा जन्म १९०१ साली कॅनडातील हॅलिफॅक्स येथे एका ज्यू कुटुंबात झाला. १९२६ मध्ये मॅनिटोबा विद्यापीठातून डॉक्टर होऊन ते अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला गेले. निरोगी माणसाच्या रक्ताचे पुस्तकांतील आकडे जुने आणि भरवशाचे नाहीत, हे तिथे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी स्वतःच मोजमाप सुरू केले. त्यासाठी १९२९ च्या सुमारास खुणा केलेली काचेची एक साधी नळी तयार केली. नळीत रक्त घालून ती यंत्रात वेगाने फिरवली की पेशी तळाशी बसतात आणि त्यांचे प्रमाण थेट वाचता येते. या मापावरून पेशींचा सरासरी आकार काढता येऊ लागला. लोह कमी पडल्याने झालेला पंडुरोग कोणता आणि बी-१२ च्या अभावाने झालेला कोणता, याचा अंदाज आजही आपण यावरूनच बांधतो.

१९३० मध्ये ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आले. तिथे त्यांच्यासमोर मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाचा एक रुग्ण आला. डोळ्याच्या पडद्यातील शिरांत गुठळ्या झाल्या होत्या आणि थंडीत बोटांचा रक्तपुरवठा आखडत असावा अशी लक्षणे होती. त्या रक्तातील द्रव थंड केला की त्यात साका धरायचा आणि ऊब दिली की तो पुन्हा विरघळायचा. मेरी ब्यूएल यांच्यासह विंट्रोब यांनी १९३३ मध्ये ही नोंद प्रसिद्ध केली. अशा प्रथिनांना क्रायोग्लोब्युलिन हे नाव १९४७ मध्ये इतर संशोधकांनी दिले.

ही प्रथिने दोन प्रकारे घात करतात. काही रुग्णांत ती बोटे, कान, नाक अशा गार पडणाऱ्या भागांतील बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. इतरांत ती एकमेकांना चिकटून रक्तवाहिन्यांच्या भिंतींना सूज आणतात आणि मूत्रपिंडाच्या गाळणीत साचतात. या दुसऱ्या प्रकाराला थंडी लागतेच असे नाही. म्हणून मराठवाड्याच्या उन्हाळ्यातही हा आजार होऊ शकतो.

विंट्रोब १९४३ मध्ये युटा विद्यापीठात वैद्यकशास्त्राचे विभागप्रमुख झाले. त्यांचा रक्तविज्ञानावरील ग्रंथ त्याआधीच, १९४२ मध्ये आला होता आणि पुढे डॉक्टरांच्या अनेक पिढ्या त्यावर शिकल्या. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर तीनच वर्षांनी हिपॅटायटिस सी विषाणूचा शोध लागला आणि या प्रथिनांच्या बहुसंख्य मिश्र प्रकारांचे मूळ याच विषाणूत असल्याचे पुढे दिसून आले. आज हा विषाणू साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर हे उपचार मोफत मिळतात.

मात्र निदान व्हायला हवे. पायांवर वारंवार जांभळे ठिपके, सांधेदुखी, थकवा, फेसाळ किंवा लालसर लघवी, पायांना बधिरपणा अशी लक्षणे एकत्र दिसली, तर लघवी, क्रिएटिनिन आणि हिपॅटायटिस सी तपासून घ्या. क्रायोग्लोब्युलिनच्या तपासणीत एक पथ्य कडक पाळावे लागते. रक्त काढल्यापासून त्यातला द्रव वेगळा होईपर्यंत ते ३७ अंशांवर उबदार ठेवावे लागते. नमुना बर्फाच्या डब्यातून मुंबई-पुण्याला गेला, तर प्रथिने गुठळीतच अडकून राहतात आणि अहवाल खोटाच निर्दोष येतो. त्या अहवालावर विसंबलो, तर मूत्रपिंडे वाचवण्याची वेळ निघून जाते. म्हणून रक्त देण्यापूर्वीच प्रयोगशाळेला विचारा, नमुना उबदार ठेवण्याची सोय आहे का?