दंतवैद्यकाचे आद्यगुरू : डॉ. रफीउद्दीन अहमद

विद्या संपादन करणे ही एक गोष्ट आणि ती लोकांच्या दारापर्यंत नेणे ही दुसरी. पहिली साधणारे पुष्कळ, दुसरी साधणारे विरळा. मरहूम डॉ. रफीउद्दीन अहमद हे अशा विरळ्यांपैकी एक होत.

त्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९० रोजी पूर्व बंगालमध्ये झाला. अलीगढ येथील शिक्षण आटोपून ते अमेरिकेस गेले आणि १९१५ साली आयोवा विद्यापीठातून दंतवैद्यकाची पदवी घेतली. पुढे बोस्टन येथील फोर्साइथ संस्थेत त्यांनी काम केले. ही संस्था खास मुलांच्या दातांसाठी होती. दुखणे वाढण्याआधीच ते ओळखावे, हा धडा त्यांना तेथे पाहावयास मिळाला.

१९१९ साली ते मायदेशी परतले. त्या वेळी आपल्या देशात दंतवैद्यकाचे एकही महाविद्यालय नव्हते. डॉक्टरसाहेबांनी १९२० साली कलकत्त्यात पहिले महाविद्यालय काढले. पैसा कोठून आणावा? त्यासाठी त्यांनी 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' हे शीतपेयांचे दुकान चालविले! १९२५ साली त्यांनी दंतवैद्यकाचे नियतकालिक सुरू केले व १९२८ साली विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहिले.

परंतु केवळ पुस्तकाने समाज सुधारत नाही, त्यास कायद्याचे पाठबळ लागते. रस्त्यावर बसून कोणीही दात उपटावेत, ही स्थिती बदलण्यासाठी ते झटले. १९३९ साली बंगालमध्ये दंतवैद्यकाचा कायदा झाला व १९४८ साली सर्व देशासाठी. १९४९ साली त्यांनी आपले महाविद्यालय सरकारच्या स्वाधीन केले. पुढे ते पश्चिम बंगालचे मंत्री झाले. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि १९६५ साली ते पैगंबरवासी झाले. त्यांचा जन्मदिवस देशात दंतवैद्यक दिन म्हणून पाळला जातो.

वाचकहो, कलकत्त्याच्या या थोर पुरुषाचे स्मरण यवतमाळ जिल्ह्यात का करावे? माझ्या वर्गातील दहावीच्या एका मुलाचे तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही. कारण खर्रा! सुपारीने तोंडाची आतली त्वचा कडक होत जाते व पुढे कर्करोगाचा धोका असतो, हे संशोधनाने केव्हाच सिद्ध केले आहे. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदीही आली. तरी पानठेल्यावर खर्रा घोटला जातोच. आपल्या जिल्ह्यातील काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड अधिक असल्याने मुलांच्या दातांवर डाग पडतात, हेही सर्वांस ठाऊक आहे. संशोधन आहे, कायदा आहे. उणीव आहे ती दोहोंना घरापर्यंत नेणाऱ्याची.

तो मुलगा रोज खर्रा खात होता आणि मी रोज त्याची हजेरी घेत होतो. वर्षभर मी त्याच्या तोंडाकडे पाहिले नाही, ही खंत मला आहे.

म्हणून नम्र सूचना अशी की, दरवर्षी २४ डिसेंबरच्या सुमारास आपल्या प्रत्येक शाळेत मुलांच्या दातांची तपासणी व्हावी, पालकांना त्याचा कागद मिळावा आणि आम्ही शिक्षकांनी प्रथम स्वतःच्या खिशातील पुडी टाकून द्यावी. डॉक्टरसाहेबांना याहून चांगली आदरांजली कोणती?