संगणकाची शिक्षिका

सात वर्षांच्या एका मुलीला गजराच्या घड्याळाचे अंतरंग पाहण्याचा मोह झाला. तिने एक घड्याळ उघडले. परंतु सुटे झालेले भाग पुन्हा जुळेनात. रचना समजून घ्यावी म्हणून तिने दुसरे उघडले, मग तिसरे. अशी घरातील सात घड्याळे सुटी झाली, तेव्हा हा उद्योग आईच्या ध्यानात आला. आईने मुलीची जिज्ञासा मोडली नाही; यापुढे एकाच घड्याळावर प्रयोग करावेत, एवढीच मर्यादा तिने घालून दिली. हीच मुलगी पुढे ग्रेस हॉपर या नावाने विख्यात झाली.

ग्रेस यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरी झाला. गणित हा त्यांचा आवडता विषय. १९३४ साली येल विद्यापीठाने त्यांना गणितातील डॉक्टरेट ही पदवी दिली. व्हासार महाविद्यालयात त्या अध्यापन करीत होत्या. त्याच सुमारास दुसरे महायुद्ध पेटले आणि देशसेवेसाठी नौदलात जावे, असा निश्चय त्यांनी केला. त्यांचे वजन नियमापेक्षा कमी भरले. परंतु त्यांनी चिकाटी सोडली नाही. विशेष अनुमती मिळवून १९४३ च्या डिसेंबरात त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या.

१९४४ साली त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठातील मार्क-१ या गणनयंत्रावर झाली. हे यंत्र ५१ फूट लांब आणि ८ फूट उंच होते. कागदी फितीवर छिद्रे पाडून त्याला आज्ञा द्याव्या लागत. एकच क्रिया अनेकवार करावयाची असली, म्हणजे फितीची दोन्ही टोके जोडून तिचे वलय करीत. ते वलय फिरत राही आणि त्याच आज्ञा पुनःपुन्हा यंत्रापुढे येत. अशा पुनरावृत्तीला आवर्तन म्हणतात.

यंत्र आवर्तने न कंटाळता करी. माणसांच्या वाट्याला मात्र निराळीच पुनरावृत्ती आली होती. एकदा बिनचूक ठरलेल्या आज्ञांचे तुकडे हॉपरबाई आणि त्यांचे सहकारी वह्यांत टिपून ठेवीत. नव्या कामात तसाच तुकडा लागला, की तो वहीतून हाताने उतरवून घेत. १९४९ साली हॉपरबाई फिलाडेल्फिया येथील एका संगणक कंपनीत गेल्या. तेथे युनिव्हॅक या नव्या संगणकाची उभारणी चालू होती. तेथेही हेच कष्ट वाट्याला आले. तुकडा नव्या जागी बसविताना त्यातील स्थानांच्या क्रमांकांत ठरावीक संख्या मिळवावी लागे. बेरजा चुकत, अक्षरे बदलत. घाईने लिहिलेले इंग्रजी बी हे अक्षर इंग्रजी तेराच्या आकड्यासारखे दिसे. मूळ तुकडा अचूक असूनही त्याची प्रत सदोष निघे आणि तो दोष शोधण्यात दिवस खर्ची पडत.

बेरीज करणे आणि नक्कल करणे ही कामे यंत्र माणसापेक्षा चोख करते. मग ती यंत्राकडेच का सोपवू नयेत? हा विचार हॉपरबाईंनी कृतीत आणला. पारखून घेतलेले तुकडे त्यांनी चुंबकीय फितीवर साठविले आणि प्रत्येकाला एक क्रमांक दिला. आता केवळ क्रमांक सांगितला, की संगणक तो तुकडा शोधून आणी, त्यातील स्थाने योग्य रीतीने बदली आणि सर्व तुकडे जोडून संपूर्ण आज्ञावली सिद्ध करी. १९५२ साली हे साधन तयार झाले. त्याला कंपायलर, म्हणजेच संकलक, असे नाव मिळाले. आजच्या संकलकांच्या मानाने ते साधे होते. परंतु त्या दिशेने पडलेले ते पहिले मोठे पाऊल होते. त्याविषयीच्या आपल्या निबंधाला त्यांनी संगणकाचे शिक्षण अशा अर्थाचे नाव दिले. मूळची शिक्षिका त्यांच्यात अद्याप जागी होती.

तथापि या साधनाला कोणी हात लावीना. संगणक केवळ अंकगणित करू शकतो, आज्ञावली रचणे त्याला अशक्य आहे, अशीच जाणत्यांचीही समजूत होती. चालू असलेली पद्धत सोडण्यास लोक नाखूश असतात, याचा अनुभव हॉपरबाईंना पावलोपावली आला. त्या वाद घालून थांबल्या नाहीत. साधन चालवून दाखवीत राहिल्या. पुढे साध्या इंग्रजी शब्दांत संगणकाला आज्ञा देता याव्यात, म्हणून त्यांनी फ्लो-मॅटिक ही भाषा सिद्ध केली. १९५९ साली कोबोल या व्यापारी कामकाजाच्या भाषेची आखणी सुरू झाली, तेव्हा तिला फ्लो-मॅटिकचाच मोठा आधार मिळाला.

१९६६ च्या अखेरीस नौदलाने त्यांना निवृत्त केले. परंतु दुसऱ्याच वर्षी परत बोलाविले. नौदलात कोबोलची निरनिराळी रूपे रूढ झाली होती आणि त्यांत एकसूत्रता आणावयाची होती. तेही काम त्यांनी नेटाने केले. रूढीची गुलामी नको, याची सतत आठवण राहावी म्हणून त्यांच्या कचेरीत उलट दिशेने चालणारे घड्याळ टांगलेले असे. वेळ मात्र ते अचूक दाखवी. १९८६ साली, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, त्या रिअर ॲडमिरल या पदावरून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

आजच्या मोठ्या संकलकांत लक्षावधी ओळी असतात. त्यांत एकच आवर्तन अनेक ठिकाणी अनेक रीतींनी लिहिले गेले, तर एका जागी सुधारलेली चूक दुसऱ्या जागी तशीच राहते. म्हणून अशी आवर्तने शोधून त्यांना एकच नेटके रूप देण्याचे काम आजचे अभियंते करतात. ते करताना चालते यंत्र उघडावे लागते आणि त्याचा प्रत्येक भाग पुन्हा जागच्या जागी बसवावा लागतो. सात घड्याळे उघडणाऱ्या त्या मुलीने हेच धाडस आणि हीच दक्षता आयुष्यभर जोपासली.