प्राणवायूवाचून जगणारे जीव : लुई पाश्चर

श्वास थांबला की जीवन संपले, हे आपण सारेच जाणतो. परंतु ज्यांना प्राणवायूचा स्पर्शही सोसत नाही असे जीव या पृथ्वीवर आहेत, हे ज्यांनी प्रयोगाने दाखवून दिले, त्या लुई पाश्चर यांचा हा अल्प परिचय.

२७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधील डोल गावी, कातडी कमावणाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. शिक्षणाने ते रसायनशास्त्रज्ञ होते. १८५४ मध्ये ते लील येथे प्राध्यापक झाले. तेथे बिटापासून मद्यार्क बनवणाऱ्या एका कारखानदाराच्या अडचणीमुळे त्यांचे लक्ष आंबण्याच्या क्रियेकडे वळले.

खवट लोण्याला ज्याचा वास येतो, ते ब्युटिरिक आम्ल तयार होत असलेल्या द्रवाचा एक थेंब त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. थेंबाच्या मध्यभागी जीवाणू चपळतेने फिरत होते. कडेला, जेथे हवा लागत होती, तेथे मात्र ते निश्चेष्ट पडले होते. मग त्यांनी त्या द्रवातून हवेचा प्रवाह सोडला, तेव्हा आंबण्याची क्रियाच थांबली. हे निष्कर्ष १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले. हवेवाचून जीवन अशक्य, ही समजूत ढासळली. १८६३ मध्ये त्यांनी वायुजीवी आणि अवायुजीवी असा भेद दर्शविणारे शब्द रूढ केले.

याच काळात त्यांच्या घरावर दुःखाचे डोंगर कोसळले. १८५९ ते १८६६ या अवधीत त्यांच्या तीन मुली मरण पावल्या; त्यांपैकी दोघी विषमज्वराने. १८६८ मध्ये पक्षाघाताने त्यांची डावी बाजू लुळी झाली. तरीही त्यांचे कार्य थांबले नाही.

१८७७ मध्ये, सहकारी झुबेर यांच्यासह, त्यांना रक्तदूषण करणारा एक जीवाणू आढळला. हवेत तो काही केल्या वाढेना. निर्वात जागी मात्र झपाट्याने वाढला. मग असा जीव हवेत तग धरून पसरतो कसा? तो बीजाणूंच्या रूपाने टिकून राहतो, हे पाश्चर यांनी ओळखले. म्हणूनच १८७८ मध्ये पॅरिसच्या वैद्यक अकादमीसमोर त्यांनी शल्यवैद्यांना हात स्वच्छ करण्याचा व उपकरणे ज्योतीवर धरण्याचा आग्रह केला. स्वतः वैद्य नसलेल्या माणसाचे हे बोलणे अनेकांना रुचले नाही.

आज आपणांस या भेदाचे कारण ठाऊक आहे. प्राणवायूच्या वापरातून पेशीत काही घातक द्रव्ये निर्माण होतात. ती निष्प्रभ करणारी विकरे ज्यांच्यापाशी पुरेशी असतात, ते जीवाणू हवेत तगतात. क्षयाच्या जीवाणूला प्राणवायू हवाच असतो, धनुर्वाताच्या जीवाणूला तो घातक असतो, आतड्यातील ई. कोलाय दोन्ही परिस्थितींत जगतो. तर जठरातील हेलिकोबॅक्टरला तो अल्प प्रमाणातच मानवतो.

२८ सप्टेंबर १८९५ रोजी पाश्चर यांचे निधन झाले. वाचकहो, पायात खिळा खोल रुतला आणि जखमेचे तोंड लगेच मिटले, तर निश्चिंत राहू नका. आत हवा पोहोचत नाही, आणि धनुर्वाताच्या जीवाणूला नेमके तेच हवे असते. जखम धुवा आणि लस घेण्यास विलंब लावू नका.