संत तुकाराम : शिक्षेतील ममता

हुगळीकाठी, खिदिरपुरात वास्तव्य करणाऱ्या आम्हां मराठी जनांना इंद्रायणी दूर असली तरी तुकोबा दूर नाहीत. मुंबई इलाख्यात सनदी अधिकारी असलेल्या सत्येंद्रनाथ ठाकुरांनी त्यांचे अभंग बंगालीत नेले, आणि वंगभूमीलाही देहूच्या या संताचा परिचय घडला. सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी त्यांचे पुण्यस्मरण करताना आम्ही त्यांच्या चरित्रातील एकाच गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ईश्वराने केलेले शासन त्यांनी ममता म्हणून स्वीकारले, ही ती गोष्ट होय.

इ. स. १६०८ च्या सुमारास देहू येथे बोल्होबा व कनकाई यांच्या पोटी तुकोबांचा जन्म झाला. घरी विठ्ठलाची उपासना, बाजारपेठेची महाजनकी आणि चालता व्यापार होता. परंतु कोवळ्या वयातच प्रपंचाचा भार त्यांच्या शिरी आला. मातापिता निवर्तले, वडील बंधू सावजी विरक्त होऊन तीर्थाटनास निघून गेले. त्यातच १६३० च्या सुमाराचा भीषण दुष्काळ दख्खनवर कोसळला. व्यापार बुडाला, पत गेली, आणि प्रथम पत्नी रखमाबाई अन्नावाचून मरण पावल्या. पुत्र संतोबाही गेला.

अशा आघाताने सामान्य मनुष्य देवाला दोष देतो किंवा देवच सोडतो. तुकोबांनी उलटाच हिशेब मांडला. दिवाळे निघाले हे बरेच झाले, दुष्काळाने पीडले हेही बरेच झाले. कारण त्यामुळेच आपण देवाकडे वळलो, असे त्यांनी अभंगातून स्वच्छ सांगितले. आई मुलाच्या हातातील घातक वस्तू हिसकावून घेते, तेव्हा मूल रडते. पण त्या हिसकावण्यात मायाच असते. तुकोबांचा भाव आम्हांस असाच दिसतो. हे केवळ शब्द नव्हते. कर्जखतांचा अर्धा वाटा त्यांनी धाकटे बंधू कान्होबांस दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली. पडक्या विठ्ठलमंदिराचा जीर्णोद्धार करून ते भामनाथ व भंडारा या डोंगरांवर नामचिंतनात रमले.

पुढे रामेश्वर भटांच्या विरोधामुळे अभंगांच्या वह्याही इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. तुकोबांनी तेरा दिवस अन्नपाणी वर्ज्य केले, आणि वह्या कोरड्या वर आल्या, अशी परंपरेची श्रद्धा आहे. चमत्काराची चर्चा आम्ही येथे करीत नाही. त्यानंतर तुकोबांनी काय म्हटले, ते अधिक मोलाचे आहे. त्यांनी विजयाचा डंका वाजविला नाही. आपण हट्ट धरून देवाचा अंत पाहिला, त्याला शिणविले, हा आपलाच अन्याय झाला, अशी कबुली त्यांनी दिली. जेथे जग त्यांचा गौरव करू पाहत होते, तेथेही त्यांनी स्वतःस सुधारून घेतले. कालांतराने रामेश्वर भटही त्यांचे शिष्य झाले.

या स्वीकाराची किंमत द्वितीय पत्नी जिजाबाईंनीही मोजली, हे विसरणे अन्यायाचे ठरेल. पोराबाळांची भूक त्यांच्या पदरी होती. लोकांनी त्यांना कजाग ठरविले. परंतु पतीसाठी भाकरी घेऊन डोंगर चढणारी स्त्रीही तीच होती.

म्हणूनच एक भेद ध्यानी घ्यावा. दुःखाला देवाची कृपा म्हणण्याचा अधिकार तुकोबांनी स्वतःच्या दुःखापुरताच वापरला. शेजाऱ्याचा दुष्काळ ही त्याला झालेली शिक्षा आहे, असा निवाडा त्यांनी दिला नाही. उलट, गांजलेल्यांना जो आपले म्हणतो त्यालाच त्यांनी साधू मानले. स्वतःवरील आघातातून बोध आणि दुसऱ्यावरील आघाताला आधार, असे हे दुहेरी माप आहे.

इ. स. १६५० मध्ये, फाल्गुन वद्य द्वितीयेस, तुकोबांनी इहलोकीचा निरोप घेतला. तो दिवस आजही तुकाराम बीज म्हणून पाळला जातो. परमुलखात संसार थाटताना आम्हांपैकी अनेकांना हानी, वियोग, अपयश यांची झळ लागलीच आहे. ती सोसताना देवाशी भांडावे, तुकोबाही भांडले. पण भांडणाअखेर त्याचा हात सोडू नये, एवढे जरी आम्ही त्यांच्यापासून शिकलो, तरी हे स्मरण सार्थकी लागेल.