विखुरलेल्या कळपाला ध्येय देणारे मेंढपाळ : संत जोसेफ वाझ

दरवर्षी १६ जानेवारी रोजी आपण संत जोसेफ वाझ यांचा सण साजरा करतो. गोव्याच्या मातीत जन्मलेला आणि 'सिलोनचे प्रेषित' म्हणून सर्वांना परिचित असलेला हा संत आपल्या फार जवळचा आहे. प्रेषित म्हटले की, ज्या ठिकाणी ख्रिस्ताचे नाव कुणी ऐकलेले नाही तेथे जाऊन सुवार्ता सांगणारा धर्मगुरू आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु फादर वाझ यांच्या जीवनाकडे बारकाईने पाहिले असता आम्हांला काही निराळेच आढळते. ते ज्यांना शोधत निघाले, ते लोक आधीच ख्रिस्ती होते. त्यांची देवळे हिरावली गेली होती, धर्मगुरू उरले नव्हते आणि आपण कशासाठी एकत्र आहोत याचे भान हळूहळू विझत चालले होते. अशा ख्रिस्ती समूहाला त्याचे हरवलेले ध्येय पुन्हा गवसावे यासाठी या संताने आपले आयुष्य वेचले. त्यांच्या सणाच्या निमित्ताने त्यांच्या जीवनाचा हाच पैलू आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

घर आणि घडण

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावली येथे त्यांच्या आजोळी झाला. वडील क्रिस्तोव्हाव वाझ हे सांकवाळचे, तर आई मारिया द मिरांदा ही बाणावलीची. मूळच्या ब्राह्मण घराण्यातून ख्रिस्ती झालेल्या या कुटुंबाला गावात मान होता. जोसेफ यांनी पोर्तुगीज व लॅटिन या भाषा आत्मसात केल्या. पुढे गोवा शहरात तत्त्वज्ञान व ईशज्ञानाचे शिक्षण पूर्ण करून १६७६ साली त्यांनी गुरुदीक्षा घेतली.

दीक्षेनंतर हा तरुण धर्मगुरू अनवाणी फिरू लागला. पुढच्याच वर्षी, ५ ऑगस्ट १६७७ रोजी, सांकवाळच्या चर्चमध्ये त्यांनी स्वतःला पवित्र मरियेचा दास म्हणून अर्पण केले आणि तसे दास्यपत्र लिहून दिले. ज्या काळी उच्च कुळाचा अभिमान ख्रिस्ती घरांतूनही सुटला नव्हता, त्या काळी अशा घरातल्या मुलाने स्वतःला दास म्हणवून घ्यावे, ही साधी गोष्ट नव्हती. या दास्याचा खरा अर्थ पुढे सिलोनच्या वाटेवर उलगडणार होता.

कानडा प्रांतातील पहिली परीक्षा

डचांच्या सत्तेखाली सिलोनमधील कॅथलिक लोक मेंढपाळाविना राहिले आहेत, ही वार्ता गोव्यात पोहोचली होती. तेथे जाण्याची ओढ फादर वाझ यांना लागली. परंतु वरिष्ठांनी १६८१ साली त्यांना कानडा प्रांतात पाठविले. पोर्तुगीजांचा अंमल ढासळल्यामुळे तेथील चर्चेस ओस पडली होती. त्याहून मोठी जखम आतली होती. गोव्याच्या महागुरूंचा अधिकार मानायचा की रोमने नेमलेल्या बिशप थॉमस द कास्त्रो यांचा, या प्रश्नावर ख्रिस्ती समाज दुभंगला होता.

फादर वाझ यांना गोव्याने पाठविले होते. तरीही त्यांनी स्वतःला एका गटाचे पुढारी होऊ दिले नाही. बिशपांविषयी त्यांनी आदर राखला आणि वाद चिघळणार नाही याची काळजी घेतली. मंगळूर, बसरूर, गंगोळी या परिसरात ते गावोगाव पायी फिरले. पडलेली चर्चेस उभी केली, शाळा सुरू केल्या, भक्तिसंघ स्थापन केले. आपल्यावर हक्क कोणाचा, या वादात गुंतलेल्या लोकांना त्यांनी प्रार्थनेकडे, मुलांच्या शिक्षणाकडे आणि गोरगरिबांकडे वळविले. १६८४ साली ते गोव्याला परतले.

परतल्यावर, १६८५ साली, जुन्या गोव्यातील चमत्कारी क्रुसाच्या चर्चजवळ एकत्र राहणाऱ्या काही गोमंतकीय धर्मगुरूंना ते येऊन मिळाले आणि लवकरच त्यांचे प्रमुख झाले. त्या काळी येथील मूळ रहिवाशांना व्रतस्थ संघांत सहसा प्रवेश नसे. फादर वाझ यांच्या मार्गदर्शनाखाली या समूहाने संत फिलिप नेरी यांच्या ओरेटरीचा नियम स्वीकारला. ज्यांना इतरत्र जागा नव्हती त्यांच्यातूनच सिलोनच्या मिशनसाठी मनुष्यबळ उभे राहिले. परमेश्वराची योजना ती हीच!

जाफनाच्या दारोदारी

सिलोनची परिस्थिती अतिशय कठीण होती. १६५८ साली जाफना पडले आणि बेटाचा किनारा पोर्तुगीजांच्या हातून पूर्णपणे डचांकडे गेला. नव्या सत्तेने कॅथलिक धर्मगुरूंना हद्दपार केले आणि त्यांना आसरा देणाऱ्यास देहदंड जाहीर केला. देवळे सुधारित पंथाच्या उपासनेसाठी घेण्यात आली. बाप्तिस्मा व विवाह यांची नोंद त्यांच्याकडेच करावी लागे. अनेक कॅथलिक बाहेरून तो पंथ पाळीत आणि घरात गुपचूप जपमाळ म्हणत. जवळजवळ ३० वर्षे अशीच गेली. या काळात जन्मलेल्या एका अख्ख्या पिढीने मिस्साबलिदान पाहिलेच नव्हते. श्रद्धा ही घरातील वडीलधाऱ्यांनी जपलेली एक जोखमीची आठवण झाली होती.

१६८६ साली फादर वाझ गोव्याहून निघाले. त्यांच्यासोबत जॉन नावाचा विश्वासू सेवक होता. तुतिकोरीनहून मजुराच्या वेशात समुद्र ओलांडून १६८७ साली ते जाफनास पोहोचले. तेथे दोघांनाही हगवणीने गाठले. संसर्गाच्या भीतीने त्यांना वस्तीबाहेर एका झोपडीत राहावे लागले. एका गरीब स्त्रीने आणून दिलेल्या पेजेवर ते जगले. ज्या लोकांना आधार देण्यासाठी ते आले होते, त्यांच्यापैकी कुणाची ओळख होण्यापूर्वीच त्या भूमीतील दयेचा पहिला घास त्यांना असा मिळाला.

बरे झाल्यावर प्रश्न उभा राहिला की, कॅथलिक शोधायचे कसे? कुणाला विचारावे तर तोच वैऱ्याला खबर देईल. तेव्हा फादर वाझ यांनी गळ्यात जपमाळ घातली आणि भिकारी होऊन ते दारोदारी फिरू लागले. भिक्षा वाढणाऱ्याची नजर त्या माळेवर पडली की, ते त्याचा चेहरा न्याहाळीत. कुणाच्या चेहऱ्यावर तिरस्कार उमटे, कुणाच्या डोळ्यांत ओळख. ज्या घरी ओळख दिसे, त्या घराची खात्री पटल्यावर ते आपण धर्मगुरू असल्याचे हळूच सांगत.

या प्रसंगाचे मनन करावे असे आम्हांला वाटते. थंडावलेल्या समूहात चेतना आणायची झाल्यास आपण प्रथम सभा बोलावतो, भाषणे ठेवतो, लोक येत नाहीत म्हणून खंत करतो. फादर वाझ यांनी लोकांना आपल्याकडे बोलाविले नाही. ते लोकांच्या दाराशी गेले, तेही देणारा म्हणून नव्हे, तर मागणारा म्हणून. श्रद्धा मेलेली नाही, ती राखेखाली धुमसत आहे, असा त्यांचा विश्वास होता.

गावागावांतील विश्वस्त

पुढे सिल्लालै हे कॅथलिक वस्तीचे गाव त्यांचे केंद्र झाले. दिवसा ते लपून राहत आणि रात्री मिस्सा अर्पण करीत, पापनिवेदन ऐकत, बाप्तिस्मा देत. वर्षानुवर्षे बाहेरून एक आणि आतून एक असे जगणाऱ्या लोकांना आता निवड करावी लागली. नाताळाच्या सुमारास डच सैनिकांनी छापा घातला. फादर वाझ निसटले, परंतु जमलेल्यांपैकी अनेकांना अटक होऊन कठोर शिक्षा झाल्या. जे काल श्रद्धा लपवीत होते, तेच आज तिच्यासाठी तुरुंगात गेले.

एकटा धर्मगुरू सर्वत्र पोहोचू शकत नाही, हे फादर वाझ यांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी प्रत्येक वस्तीत प्रापंचिकांवर जबाबदारी सोपविली. गावच्या ख्रिस्ती समूहाचा प्रमुख तो 'मुप्पू' आणि प्रार्थना चालविणारा, मुलांना धर्मशिक्षण देणारा तो 'अण्णावी'. रविवारी लोकांना एकत्र आणणे, आजाऱ्याजवळ बसून प्रार्थना करणे, मरणोन्मुख बालकास बाप्तिस्मा देणे ही कामे गावातले लोक करू लागले. फादर वाझ स्वतः तमिळ व सिंहली शिकले आणि लोकांना त्यांच्याच भाषेत प्रार्थना मिळतील अशी त्यांनी व्यवस्था केली. १७०५ साली त्यांना येऊन मिळालेले दिवाडीचे फादर जाकोमे गोन्साल्विस यांनी हे काम एवढ्या उंचीवर नेले की, सिंहली भाषेतील कॅथलिक साहित्याचे जनक म्हणून त्यांचा गौरव होतो.

कँडी : स्वतःपलीकडे पाहणारा समूह

१६९२ साली फादर वाझ कँडीच्या राज्यात शिरले. पोर्तुगीजांचा हेर असल्याच्या संशयावरून राजा दुसरा विमलधर्मसूर्य याने त्यांना कैदेत ठेवले. कैदेचा उपयोग त्यांनी सिंहली शिकण्यासाठी केला. पहारा सैल होताच त्यांनी एक झोपडीवजा प्रार्थनास्थळ उभारले आणि भोवतालचे कॅथलिक तेथे येऊ लागले. पुढे अवर्षणाच्या काळात राजाने त्यांना प्रार्थना करण्यास सांगितले. त्यांनी भर चौकात वेदी मांडून गुडघे टेकले आणि पाऊस कोसळला, असे परंपरा सांगते. बौद्ध धर्मीय राजाने त्यांना आपल्या राज्यात मुक्तपणे कार्य करण्याची मुभा दिली.

आता छळ नव्हता. पण छळ संपला की, समूहापुढे वेगळा धोका उभा राहतो, तो आपल्यापुरते पाहण्याचा. १६९७ साली कँडीत देवीची साथ आली. राजाने राजधानी सोडली. भयभीत कुटुंबे आपल्याच रोग्यांना रानात सोडून देऊ लागली. फादर वाझ आणि त्यांचे सहकारी फादर जोसेफ कार्व्हालो मात्र शहरातच राहिले. रानात टाकलेल्यांना त्यांनी शोधून काढले, झोपड्या उभारल्या, त्यांना अन्नपाणी दिले, त्यांच्या जखमा धुतल्या आणि मृतांना स्वतःच्या हातांनी मूठमाती दिली. रोगी कोणत्या धर्माचा, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही.

आमच्या मते फादर वाझ यांच्या कार्याचे शिखर हेच आहे. जाफनात त्यांनी लोकांना शोधले, गावागावांत त्यांना जबाबदारी दिली आणि कँडीत स्वतःच्या कृतीने दाखवून दिले की, ख्रिस्ती समूह केवळ टिकून राहण्यासाठी नसतो. स्वतःला वाचविणे हे ध्येय असू शकत नाही. ज्यांना कुणी नाही त्यांच्याजवळ जाऊन बसणे, हे ध्येय आहे.

फलश्रुती

बिशपपदाचा विचार पुढे आला तेव्हा त्यांनी नम्रपणे नकार दिला. गोव्याहून ओरेटरीचे धर्मगुरू येत राहिले आणि मिशन वाढत गेले. थकलेल्या शरीराने फादर वाझ यांनी १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे देह ठेवला. ते ५९ वर्षांचे होते. गोव्याला ते पुन्हा कधीच परतले नाहीत.

पुढे १७४० च्या दशकात कँडीच्या राज्यातूनही धर्मगुरूंना घालविण्यात आले आणि किनाऱ्यावर डचांची सत्ता १७९६ पर्यंत राहिली. तरीही सिलोनची ख्रिस्तसभा नाहीशी झाली नाही. पहिल्या ३० वर्षांच्या वनवासात ती क्षीण झाली होती. या दुसऱ्या वनवासात मुप्पू आणि अण्णावी तिच्या पाठीशी उभे होते. २१ जानेवारी १९९५ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी कोलंबो येथे फादर वाझ यांना धन्य घोषित केले आणि १४ जानेवारी २०१५ रोजी तेथेच पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद बहाल केले. श्रीलंकेला तिचा पहिला संत लाभला.

आपल्यासाठी

आपल्या धर्मग्रामांत आज चर्चेस भक्कम आहेत, घंटा वेळेवर वाजतात, सण थाटामाटात साजरे होतात. कुणी आपली देवळे हिरावून घेतलेली नाहीत. तरीही कधी कधी मिस्सा संपवून वेदीवरून लोकांकडे पाहताना आम्हां धर्मगुरूंच्या मनात प्रश्न उभा राहतो की, आपण सारे येथे नेमके कशासाठी जमलो आहोत? या प्रश्नाचे उत्तर नव्या इमारतीत किंवा नव्या समितीत सापडणार नाही. ज्या घरातून वर्षभर कुणी चर्चला आलेले नाही, त्या घराची पायरी आपण कधी चढलो? धर्मग्रामाचे कोणते काम आपण प्रापंचिकांवर पूर्ण विश्वासाने सोपविले? आपल्या गावात ज्याला कुणी नाही, त्याच्याजवळ कोण बसले आहे?

यंदाच्या सणाला नोव्हेनाच्या नऊ दिवसांत प्रत्येक कुटुंबाने अशा एका तरी घराचे दार ठोठवावे, अशी आमची नम्र विनंती आहे. गळ्यात जपमाळ घालून अनोळखी दारांपुढे हात पसरणारा तो धर्मगुरू आपल्यासोबत चालत असेल.

संत जोसेफ वाझ, आम्हांसाठी विनंती कर.